एसीची बंद खोली आणि ताजी हवा

प्रश्न : वीज वाचावी म्हणून बेडरूमच्या स्लायडिंग खिडक्यांना पट्ट्या लावल्या, दाराखालची फट बुजवली. खोली १० बाय १२ फूट, उंची १० फूट. दोघं झोपतो, रात्रभर स्प्लिट एसी असतो. सकाळी डोकं जड होतं, कार्बन डायऑक्साइडचा मीटर २,४०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) दाखवतो. पट्ट्या काढाव्यात का? (ठाणे)

उत्तर : खिडकीच्या पट्ट्या राहू द्या. स्प्लिट एसी बाहेरची हवा घेतच नाही, खोलीतलीच फिरवून थंड करतो. झोपलेला माणूस तासाला साधारण १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. तुमच्या खोलीत ३४ घनमीटर हवा मावते. ती पूर्ण बंद असती तर तासाला ७०० पीपीएमची भर पडत गेली असती. आकडा २,४०० वर थांबत असेल, तर उरलेल्या फटींतून तासाला १२ घनमीटरच्या आसपास हवा बदलते आहे. दोघांना तासाला ५० घनमीटर हवी. मग मीटर ९०० च्या जवळ राहील.

ही हवा फटींवर सोडू नका. वारा पडला की ती थांबते, आणि बाथरूममधून येते की जिन्यातून, तेही कळत नाही. बाहेरच्या भिंतीत १०० मिमीचं भोक पाडून फिल्टरसह छोटा पंखा हवा आत ढकलेल असा बसवा. त्याचं तोंड एसी जिथून हवा ओढतो त्या बाजूला ठेवा, म्हणजे दमट हवा आधी एसीतल्या थंड नळ्यांवर (कॉइलवर) सुकेल. जुनी हवा बाहेर जायला दाराखाली १५ मिमी फट मात्र पुन्हा मोकळी करा.

खर्च उकाड्यापेक्षा दमटपणाचा जास्त आहे. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता, आत २६ अंश आणि ५५ टक्के धरली, तर ५० घनमीटर हवेबरोबर तासाला अर्ध्या लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपात आत येतं. एसीवर उष्णतेचा सुमारे अर्धा किलोवॉट भार वाढतो, त्यातला ८५ टक्के या वाफेचा. म्हणून किनारपट्टीवर, आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा शेजारून नेऊन नुसती उष्णता अडवणारं एचआरव्ही यंत्र फारसं कामाचं नाही. वाफही अडवणारं ईआरव्ही घ्या. त्याचा गाभा, म्हणजे दोन्ही हवा जिथून शेजारून जातात तो भाग, कागदी असेल तर पाण्याने धुवू नका.

उरलेल्या फटी शोधायला एक्झॉस्ट लावून चौकटीपाशी उदबत्ती धरा. धूर बहुधा एसीच्या पाइपच्या भोकाशी आणि दोन तावदानं जुळतात तिथे हलतो. पाइपभोवती पीयू (पॉलियुरेथेन) फोम भरा. ट्रॅकमधली पाणी निघायची छिद्रं मात्र बुजवू नका, पावसाचं पाणी घरात येईल. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर हे सगळं करण्याआधी तो तिथून हलवा. बंद घरात एक्झॉस्ट किंवा स्वयंपाकघरातली चिमणी त्याचा धूर उलटा आत ओढते, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रश्न : पॅसिव्ह हाउस, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घराच्या मानकामधला ०.६ हा आकडा कशाचा? पुण्यातल्या घराला तो लावावा का? (पुणे)

उत्तर : दारात पंखा बसवून आत-बाहेर ५० पास्कल दाबाचा फरक ठेवतात, पाण्याच्या स्तंभात मोजला तर जेमतेम ५ मिमी. त्या दाबाला तासाभरात फटींतून घराच्या आकारमानाच्या ०.६ पटीपेक्षा जास्त हवा जाऊ नये, अशी ती अट आहे. पहिलं पॅसिव्ह हाउस जर्मनीत डार्मश्टाट इथे १९९१ मध्ये उभं राहिलं. तिथे हिवाळाभर घर तापवावं लागतं, म्हणून इतका कडक आकडा परवडतो. पुण्यात वर्षातले बरेच महिने खिडक्या उघड्याच असतात. एसीची खोली तेवढी नीट बंद करा. बाकी घरात समोरासमोरच्या खिडक्यांनी वारा खेळता राहू द्या.