महाल भागातला आमचा जुना वाडा पाडायचा आहे. त्याआधी कोरीव खांबांचं मोजमाप साध्या मोबाईलने फोटो काढून घेता येईल का?

येईल. अँड्रॉइडचा साधा फोन चालेल, महागड्या आयफोनसाठी थांबू नका. मी जुन्या घरांचे नकाशे काढून देतो. सागवानी खांब, तुळईखालचे हस्त, महिरपी असं टेपने धड मोजता न येणारं काही आलं की फोटोच काढतो. युक्ती तशी फार जुनी आहे. १८५८ साली जर्मनीत वेट्झलारच्या कॅथेड्रलचं मोजमाप घेताना आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर वरून पडता पडता वाचला आणि इमारत फोटोवरूनच का मोजू नये, या विचाराला लागला.

एका जागी उभं राहून मोबाईल फिरवू नका, तुम्ही स्वतः खांबाभोवती फिरा. हे फोटो एकमेकांशी जुळवून सॉफ्टवेअर खांबाचं त्रिमितीय मॉडेल तयार करतं, आणि तुम्ही जागा बदलल्याशिवाय त्याला खोली कळत नाही. दर पावलाला एक फोटो, आणि मागच्या फोटोतला साधारण ७० टक्के भाग पुढच्यात यायला हवा. एक फेरी कमरेच्या उंचीवरून, एक हात वर करून, एक खाली बसून. झूम नको, वाइड लेन्स नको, फ्लॅश तर नकोच. सकाळी लवकर काढा किंवा आभाळ आलेलं असताना. आपल्याकडच्या उन्हात नक्षीत अशा काळ्या सावल्या पडतात की निम्मं काम दिसतच नाही. कोऱ्या चुन्याच्या भिंतीवर सॉफ्टवेअरला जुळवायला खूणच सापडत नाही, तिथे वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवा. ऑइलपेंट फासलेला चकचकीत खांब मात्र छळतो.

आता खरी गोम. नुसत्या फोटोंवरून आकार हुबेहूब मिळतो, पण खांब दहा फुटांचा की दहा इंचांचा हे कळत नाही. म्हणून एक तरी अंतर टेपने मोजून सॉफ्टवेअरला सांगावं लागतं, आणि ते जितकं लांब तितकं बरं. ३० सेंटिमीटरची शाळेची पट्टी ठेवलीत आणि खूण लावताना १ मिलिमीटर चुकलात, तर १० मीटरच्या दर्शनी भागावर ती चूक ३३ मिलिमीटर होते. तीच चूक ३ मीटरच्या मापावर केलीत तर जेमतेम ३.३ मिलिमीटर. शिवाय दुसरं एक माप टेपने घेऊन वहीत ठेवा, सॉफ्टवेअरला देऊ नका. शेवटी मॉडेलमधलं माप त्याच्याशी ताडून बघा, अचूकता किती ते तिथेच कळेल. फोनच्या जीपीएसवर विसंबू नका, ते कित्येक मीटर इकडेतिकडे असतं.

आयफोन १२ प्रो आणि त्यापुढच्या प्रो फोनांत लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारं सेन्सर, असतं, पण ते घरातल्या खोल्यांचं माप घ्यायला. बारीक नक्षी त्यात बोथट होते.

सॉफ्टवेअर म्हणाल तर घरी एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर असेल तर मेशरूम फुकट आहे. नसेल तर रिअ‍ॅलिटीस्कॅनचं मोबाईल अ‍ॅप. फोटो त्यांच्या सर्व्हरवर जातात आणि मॉडेल तयार होऊन येतं. कॉम्प्युटरवर फोटो केबलने घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधे पाठवलेत की ते दाबले जातात आणि लेन्सची माहितीही उडते.

आणि हे सगळं भावाबहिणींच्या हिस्सेवाटणीसाठी किंवा हद्दीच्या वादासाठी चाललं असेल, तर त्याला भूमी अभिलेखची सरकारी मोजणीच लागेल. तिथे हे मॉडेल कोणी विचारणार नाही.