पडसाद काही पडत नाही

प्रश्न असा आलाय की रात्री दोन वाजता लांबच्या स्टेशनवरची गाडीची शिट्टी उशाशी वाजल्यासारखी ऐकू येते, त्याला पडसाद म्हणायचं की प्रतिध्वनी, आणि दोन्हीत फरक काय.

फरक काही नाही, प्रतिध्वनी पुस्तकातला, पडसाद तोंडातला. आवाज आपटून परत आला की दोन्ही चालतात, फक्त भिंत निदान १७ मीटर तरी लांब हवी, नाहीतर परतलेला आवाज मूळ आवाजातच मिसळून जातो. झालं उत्तर. पण परवा परत एकाने 'आवाज डोंगरावर पडतो म्हणून पडसाद' अशी फोड ठोकून दिली आणि खाली पन्नास जणांनी वा वा केलं, तेव्हा माझं डोकं फिरलं.

पडण्याशी संबंध शून्य! हा 'पड' म्हणजे संस्कृत 'प्रति'. प्रतिशब्दचं प्राकृतात झालं पडिसद्द, त्याचं आपल्याकडे पडसाद. पडजीभ म्हणजे काय पडलेली जीभ का? ती प्रतिजिह्वा. पडछाया ती प्रतिच्छाया. आणि पाडवा प्रतिपदेतून आलाय, तोही कुठे पडत नाही.

आता खरी मजा 'साद'ची. साद म्हणजे शब्दच, शब्द - सद्द - साद. म्हणजे बघा, पडसाद आणि प्रतिशब्द हा मुळात एकच शब्द, एक लोकांच्या तोंडात घासून गुळगुळीत झाला, दुसरा पोथीतून जसाच्या तसा उचलून आणला आणि पर्यायी शब्दाच्या कामाला लावला. आणि तिसरं भावंड 'प्रतिसाद', ज्याचं डोकं संस्कृत आणि धड मराठी! हे म्हटलं की शुद्धतावादी मंडळी चिडतात, त्यांना तो अस्सल संस्कृत वाटतो. अहो, संस्कृतात साद म्हणजे थकणं, गळून जाणं, अवसादमधला साद तो. त्या हिशोबाने 'नाटकाला उत्तम प्रतिसाद मिळाला' म्हणजे प्रेक्षक छानपैकी गळून गेले. (काही नाटकांना हे लागू आहे, ते सोडा.)

विजापूरच्या गोलघुमटात पडसाद किती वेळा येतो ते जाऊन ऐकाच, आणि तिथे माझी एक लाडकी थिअरी आहे की फारसी गुंबदचा आपण 'घुमट' केला त्यात आपल्या 'घुमणे'चा हात असणार. पुरावा मागू नका, कान मागा.

हां, शिट्टी राहिलीच. तो पडसाद नाहीच मुळी, कारण काही परत येतच नाहीये. रात्री जमीन गार होते, तिच्या लगतची हवा गार आणि वरची तिच्यापेक्षा उबदार, उबदार हवेत आवाज जास्त वेगाने पळतो (अंशाला सेकंदाला साधारण अर्धा-पाऊण मीटर जास्त), म्हणून वर निघालेली लाट वाकून खाली जमिनीकडे येते आणि लांबवर पोचते. दिवसा नेमकं उलटं, आवाज वर निघून जातो, शिवाय रिक्षा, कुकर, शेजारचा टीव्ही असतातच त्याला झाकायला. तेव्हा शिट्टी जवळ आल्यासारखी वाटली म्हणा, स्पष्ट ऐकू आली म्हणा, पडसाद तेवढा म्हणू नका.