विम्यातून गर्भनिरोधकांचा खर्च दिला, तर भार कुणावर पडतो?

तुमचा प्रश्न असा आहे: अमेरिकेसारखी आपल्याकडेही आरोग्य विम्यात गर्भनिरोधकांची सक्ती केली, तर तो खर्च फिरून आपल्याच हप्त्यावर आणि करावर येणार नाही का?

मी बीड जिल्ह्यात एका उपकेंद्रावर सिस्टर आहे, म्हणून मला दिसतं तिथून सांगते.

अमेरिकेत २०१०च्या आरोग्य कायद्यानुसार ऑगस्ट २०१२पासून बहुतेक नव्या पॉलिसींना गोळ्या, तांबी, बायकांची नसबंदी हे सगळं वेगळे पैसे न घेता द्यावं लागतं. त्याआधी १९९९पासून तिथल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या विम्यात ही तरतूद आली होती आणि तिच्यामुळे हप्ता वाढला नाही. कारण तिथल्या कंपनीला बाळंतपणाचं बिलही भरावं लागतं, आणि त्यापुढे तांबीचा खर्च काहीच नाही. मात्र जी बाई आधीपासूनच पदरच्या पैशानं गोळ्या घेत होती, तिच्या बाबतीत बचत होत नाही. तिचा खर्च फक्त सगळ्यांच्या हप्त्यात वाटला जातो. तेवढी तुमची शंका खरी आहे.

आपल्याकडे गणित वेगळं आहे. विमा नियामकानं २०१९मध्ये पॉलिसीतले अपवाद, म्हणजे ज्यांचे पैसे कंपनी देत नाही त्या गोष्टी, एकसारखे करून दिले, त्यात गर्भनिरोधन आणि नसबंदी आहे, बाळंतपणही आहे. बाळंतपण हवं असेल तर वेगळं घ्यायचं आणि बहुधा काही वर्षं थांबायचं. म्हणजे तांबीचे पैसे कंपनीनं दिले तरी वाचणारे पैसे तिचे नाहीतच. ते वाचतात घराचे, नाहीतर सरकारचे. मग कंपनी आपणहून कशाला देईल? सक्तीचा विचार करावा लागतो तो यामुळे.

सरकारचं बघा. निरोध, माला-एन आणि छाया या गोळ्या, तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन, तांबी, सगळं आमच्याकडे फुकट मिळतं. दिवस राहिले की तपासण्या, १०२ची गाडी, बाळंतपण, पात्र बाईला जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये, हेही सरकारच करतं. मूल म्हणजे खर्च, असं मी मुळीच म्हणत नाही. नको असताना राहिलेल्या दिवसांबद्दल बोलतेय.

आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमाराला लोक ऊसतोडीला निघतात. एका वर्षी निघायच्या आदल्या दिवशी एक बाई आली. कडेवर दहा महिन्यांचं लेकरू, बाहेर ट्रॅक्टर उभा. म्हणाली, "सिस्टर, सहा महिन्यांच्या गोळ्या देऊन टाका, तिकडं कोण देतंय?" कपाटात दोनच पाकिटं होती, वरून पुरवठा आला नव्हता. दोन्ही दिली आणि संपल्या की तिकडच्या दवाखान्यात जा म्हणून सांगितलं. पण दवाखान्यात जायचं म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांच्या हिशेबातून, कापले जातात. ती गेली नाही. पट्टा पडल्यावर, म्हणजे तोडीचा हंगाम संपल्यावर, परत आली तेव्हा चौथा महिना चालू होता आणि रक्त इतकं कमी की जिल्ह्याला पाठवावं लागलं. चार पाकिटांचे पैसे वाचले म्हणायचे ते असे.

विम्याची सक्ती झाली तरी या बाईपर्यंत काही पोचणार नाही, तिच्याकडे पॉलिसीच नाही. तिला तोडीच्या गावात गोळी मिळायला हवी आणि निघण्याआधी आमच्या कपाटात साठा हवा. सक्तीचा उपयोग होईल तो वाळूजच्या कारखान्यातल्या किंवा लातूरच्या शाळेतल्या नोकरदार बाईला, जी खाजगी दवाखान्यात पैसे मोजून तांबी बसवते. तिच्यासाठी मी सक्तीच्या बाजूनं आहे, फक्त तांबी आणि बाळंतपण दोन्ही एकाच पॉलिसीत घाला, म्हणजे वाचणारा पैसा भरणाऱ्याच्याच खात्यात राहील.