वनस्पती-अर्कांची बुरशीरोधक चाचणी सुरू करताना
पावावरच्या काळ्या बुरशीवर अर्कांची चाचणी घेण्यासाठी वाशीच्या घाऊक मसाला बाजारातून लवंग आणि दालचिनी आणण्याचा तुमचा बेत योग्य आहे; मात्र पूड न घेता अखंड मसाला घ्यावा, कारण पुडीतील भेसळ ओळखणे कठीण असते. पावावरची काळी बुरशी ऱ्हायझोपस असेल किंवा अ‍ॅस्परजिलस नायजर, म्हणून आधी शुद्ध संवर्ध (एकाच जातीच्या बुरशीची वेगळी वाढवलेली वाढ) मिळवा.

अर्क इथेनॉलमध्ये काढलात, तर तेवढेच इथेनॉल असलेली पण अर्क नसलेली बशी (बुरशी वाढवण्याची पेट्री डिश) प्रत्येक वेळी सोबत ठेवा. इथेनॉल स्वतःही बुरशीची वाढ रोखू शकते, त्यामुळे या बशीविना परिणाम अर्काचा की द्रावकाचा, हे ठरवताच येणार नाही. बटाटा-डेक्स्ट्रोज अगार (बुरशी वाढवण्याचे, निवल्यावर घट्ट होणारे माध्यम) सुमारे ४५ अंश सेल्सिअसपर्यंत निवल्यावर अर्क मिसळा आणि त्यावर वाढणाऱ्या बुरशीच्या वसाहतीचा (गोल ठिपक्याचा) व्यास रोज मोजा. अर्कात भिजवलेली कागदी चकती अगारवर ठेवण्याच्या पद्धतीवर माझा फारसा भरवसा नाही, कारण लवंगेतील युजेनॉल हा तेलकट घटक अगारमध्ये नीट पसरत नाही आणि त्याची वाफही होते.

वाढ थांबली म्हणजे बुरशी मेली असे नव्हे. वाढ थांबलेल्या बुरशीचा तुकडा अर्कविरहित माध्यमावर ठेवून पाहावा. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या नायजरच्याच वंशातील बुरशीचे काही प्रकार अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करतात, तेव्हा हे काम घरी मुळीच न करता महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच करा आणि बश्या ऑटोक्लेव्ह केल्यावरच (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केल्यावरच) टाका.