ड्रॅग रेसिंगसाठी पुढची चाकं हलकी आणि अरुंद केली तर वेळ खरंच कमी होतो का?

होतो. पण अर्धा सेकंद नाही. पाव मैलाच्या सरळ पट्टीला पाच ते आठ शतांश सेकंद, आणि तेही गाडी मागच्या चाकांवर ओढणारी असेल तर.

तुम्ही प्रश्नात लिहिलंय, 'मित्र म्हणतो पुढं स्किनी टाकल्या की सरळ अर्धा सेकंद वाचतो, पैसे घालू का?' स्किनी म्हणजे हीच हलकी, अरुंद चाकं. हे वाक्य मी दहा वर्षं ऐकतोय, तेही माझ्या आतेभावाच्या, म्हणजे दादाच्या तोंडून. म्हणून उत्तर लांबणार आहे.

आम्ही दोघं इचलकरंजीचे, नोकरीसाठी मिशिगनात आलो. २०१३ मध्ये निम्मे-निम्मे पैसे घालून १९९० ची फोर्ड मस्टँग एलएक्स घेतली. पाच लिटरचं व्ही-एट, कंपनीतून निघताना २२५ हॉर्सपॉवर. उन्हाळाभर सुट्टीच्या दिवशी ती घेऊन मायलन गावाच्या पाव मैलाच्या पट्टीवर जायचो. पैसे भरायचे, रांगेत लागायचं, पळवायची, खिडकीतून वेळ छापलेली स्लिप घ्यायची. जुलैतल्या एका दुपारी दादानं १४.०८ सेकंद काढला. मग त्यानं स्किनी मागवल्या: १५ इंची रिम, रुंदी साडेतीन इंच, त्यावर २६ इंच उंच, साडेचार इंच रुंद टायर. ऑक्टोबरात संध्याकाळी तीच गाडी, तोच दादा, १३.५४. स्लिप हातात नाचवत तो म्हणाला, "बघितलंस? चाकांनी अर्धा सेकंद काढला!"

तेव्हापासून ते 'अर्धा सेकंद' सगळ्या ओळखीच्यांत फिरतंय. गणपतीत मंडळाच्या जेवणाला नवीन पोरगा भेटला की दादा त्यालाही तेच सांगतो.

आता हिशोब बघा. जुलैत बत्तीस डिग्री आणि अंगाला चिकटणारा दमटपणा होता. ऑक्टोबरातल्या त्या संध्याकाळी नऊ डिग्री. थंड हवा दाट असते, तितक्याच घोटात इंजिनाला जास्त ऑक्सिजन मिळतो. एवढ्या फरकात साडेतेरा-चौदा सेकंदांच्या गाडीला नुसती हवा तीन-चार दशांश देऊन जाते. शिवाय त्या दिवशी दादानं डिकीतलं स्टेपनी आणि जॅक काढून ठेवले होते. आणि तिसरी गोष्ट, जी कोणी धरतच नाही, ती म्हणजे गाडी उभी कुठं केली.

घड्याळ हिरवा दिवा लागला की सुरू होत नाही. पुढचं चाक सुटायच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणातून, म्हणजे स्टेजच्या किरणातून, बाहेर पडलं की सुरू होतं. किरण जमिनीपासून सव्वा-दीड इंचावर असतो, चाक गोल. म्हणजे चाकानं किरण नुसता शिवला असताना थांबलात तर तो सुटेपर्यंत गाडी जवळपास फूटभर फुकट पळते. तेवढ्यात तिला वेग आलेला असतो. त्याऐवजी अर्धा फूट पुढं जाऊन थांबलात तर तेच अंतर निम्मं होतं, आणि स्लिपवर सात-आठ शतांश वाढतात. म्हणजे स्किनी जेवढं देतात तेवढं नुसतं उभं राहण्यात जातं. दादा जुलैत पुढं सरकून थांबायचा. ऑक्टोबरापर्यंत त्याला कोणीतरी शिकवलं होतं की दुसरा दिवा, म्हणजे चाक त्या किरणाला शिवल्याचा, लागला की तिथंच ब्रेक.

ह्यातच आणखी एक. चाक अरुंद करताना त्याची उंचीही कमी केलीत तर हा फुकटचा फूट आखडतो. २६ इंची चाकाच्या जागी २२ इंची लावलं तर जवळजवळ एक इंच जातो. हिरव्याआधी सुटलं की लागणाऱ्या लाल दिव्याला घाबरणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवावं, कारण छोटं चाक किरणातून लवकर सुटतं. नुसता वेळ हवा असेल तर उंची तीच ठेवा, रुंदी आणि वजन कमी करा.

वजनाचं म्हणाल तर मी घरच्या वजनकाट्यावर आधी एकटा उभा राहिलो, मग चाक कवटाळून उभा राहिलो आणि वजाबाकी केली. जुनं चाक टायरसकट साडेअठरा किलो, स्किनी अकरा. एका चाकाला साडेसात, दोघांना मिळून पंधरा. चाकाचं वजन एकदा गाडीबरोबर पुढं ढकलावं लागतं आणि एकदा गोल फिरवावं लागतं, म्हणून ते जास्त जड पडतं. गावाकडं बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवलेली बघितली असेल, त्या कडेच्या वजनाला ओढ सगळ्यात जास्त लागते. शर्यतीच्या छकड्याला कोणी मालवाहू गाडीची चाकं लावत नाही ते त्यामुळंच. पण 'चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो' हे साफ खोटं आहे. सगळं वजन अगदी कडेला असलं तरी जास्तीत जास्त दुप्पट. टायरसकट चाकाला सत्तर-ऐंशी टक्के जास्त धरा. म्हणजे आमचे पंधरा किलो झाले सव्वीस-सत्तावीस. ड्रायव्हरसकट गाडी पंधराशे किलो. इथली लोकं म्हणतात शंभर पौंडाला एक दशांश, म्हणजे पंचेचाळीस किलोला. तुम्हीच त्रैराशिक मांडा.

मी मांडलं, सहाएक शतांश आले, आणि तेवढ्यावर थांबलो नाही. २०१४ च्या सप्टेंबरात एका संध्याकाळी सहा फेऱ्या मारल्या. आधी दोन जुन्या चाकांवर, मग दोन स्किनीवर, मग परत दोन जुन्यावर. परत जुन्यावर ह्यासाठी की संध्याकाळ थंडावत जाते, नाहीतर हवेचं श्रेय पुन्हा चाकांच्या खात्यात पडलं असतं. सगळ्या फेऱ्या मीच चालवल्या, प्रत्येक वेळी दुसरा दिवा लागला की तिथंच थांबलो, मधे अर्धा तास बॉनेट उघडून ठेवलं. आकडे असे: १३.६४, १३.६२. स्किनी: १३.५५, १३.५३. परत जुनी: १३.५९, १३.५७. सरासरी काढली तर साडेसहा शतांश. शेवटच्या खांबाजवळचा वेग ताशी अर्ध्या मैलानं वाढला. मला खरंच आनंद झाला, कारण कागदावरचं गणित आणि स्लिप एकमेकांना इतकी जवळ सहसा येत नाहीत.

त्या सहा स्लिपा मी दादाच्या जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडल्या. त्यानं बघितल्या आणि म्हणाला, "अरे, तुला लाँच करता येत नाही म्हणून तुला फरक कमी दिसला." वहिनी समोर बसल्या होत्या. मी काही बोललो नाही. साहाच्या साहा फेऱ्यांत पहिले ६० फूट १.९६ ते १.९९ सेकंदांत होते, ह्याहून सारखा लाँच, म्हणजे जागेवरून सुटणं, त्याचाही कधी झालेला नाही.

दोन आठवड्यांनी तो एकटाच गेला. परतताना अंधारात जॅक लावून चाकं बदलायचा कंटाळा केला आणि स्किनीवरच यूएस-२३ हायवेला लागला. टायरच्या बाजूला 'रस्त्यावर वापरू नये' असं छापलेलं आहे, ते त्यानंही वाचलेलं होतं. पाऊस सुरू झाला. पुढच्या गाड्यांचे लाल दिवे लागले, ह्यानं ब्रेक दाबला, पुढची दोन्ही चाकं जागच्या जागी थिजली. त्या मस्टँगला ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही. स्टिअरिंग फिरवून काही उपयोग झाला नाही, गाडी सरळ काँक्रीटच्या दुभाजकावर. साडेदहाला मला फोन आला. दादाला खरचटलंसुद्धा नव्हतं, एवढं बरं झालं. मी पोचलो तेव्हा डावा फेंडर चाकापर्यंत आत गेला होता, स्किनीचा टायर रिमवरून निघून लेंग्यासारखा चुरगळून पडला होता, आणि सनव्हायझरला त्या रात्रीची स्लिप तशीच खोचलेली होती.

दादा आजही म्हणतो पावसानं झालं. पावसात रोज लाखो गाड्या थांबतात. थांबवायचं बरंचसं काम पुढची चाकं करतात, आणि आपण तिथंच रबर निम्म्यावर आणलेलं असतं. पट्टीवर शेवटच्या खांबानंतर थांबायला लांबच लांब जागा असते, म्हणून तिथं चालतं. रस्त्यावर नाही, कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपापर्यंतसुद्धा नाही.

पैसे घालायचेच असतील तर आधी मागच्या टायरला घाला. ६० फुटांत वाचलेला एक दशांश शेवटी दीड-दोन दशांश होऊन हाती येतो. ते झालं, गाडी सुटताना घसरायची थांबली, मग स्किनी घ्या आणि पाच-सहा शतांशांचं समाधान माना. शर्यतीत तेवढंही पुष्कळ असतं, मी त्याला नावं ठेवत नाही.

हे आधी लिहायला हवं होतं: तुमची गाडी कोणती ते तुम्ही सांगितलेलं नाही. तुम्ही पुण्याचे दिसता, अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पळवायचं म्हणताय. गाडी सिटी, स्विफ्ट, पोलो ह्यातली असेल तर ती पुढच्या चाकांवर ओढते, मग पुढं स्किनी लावणं म्हणजे पकड स्वतःच्या हातानं काढून टाकणं. अशा गाडीत अरुंद चाकं मागं जातात आणि चांगलं रबर पुढं येतं. आणि घ्यायच्या आधी रिम ब्रेकच्या कॅलिपरवर बसते का ते बघा, नव्या गाड्यांच्या मोठ्या ब्रेकवर १५ इंची रिम बऱ्याचदा बसतच नाही. माझे आकडे एका गाडीचे आहेत, तुमचे दोन-तीन शतांश इकडं-तिकडं होतील.

मित्राला सांगा, एकाच संध्याकाळी जुनी, नवी, परत जुनी असं करून दाखव. आणि दादा, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे. सहाही स्लिपा माझ्याकडं आहेत. शेवटची १३.५७ ची, जुन्या चाकांवरची. तुझ्या त्या १३.५४ पेक्षा तीन शतांश मागं.