पहिल्या रिमांडला जाण्याआधी

प्रिय मित्रा,

विधी सेवा प्राधिकरणाने यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या आरोपीसाठी तुझं नाव दिलंय आणि घरचे नको म्हणतायत, असं लिहिलंस. घे ती केस. अशा आरोपीचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही, असले वकील संघटनांचे ठराव बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय.

११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, त्या रात्री आमच्या चाळीत कोणी झोपलं नव्हतं. समोरचे काका पहाटे, भिजलेल्या चपला हातात घेऊन, चालत घरी आले. त्यामुळे देशाची सुरक्षा मला परकी नाही. त्या खटल्यात २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा झाली, पाच जणांना फाशीची. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं. मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखालचे कबुलीजबाब टिकले नाहीत, ओळख परेड टिकली नाही. एक जण तर २०२१ मध्येच तुरुंगात वारला होता. सरकारचं अपील सर्वोच्च न्यायालयात गेलंय. पण एकोणीस वर्षांनी मृतांच्या घरच्यांना बॉम्ब कोणी ठेवले एवढंही खात्रीने कळू नये? कबुलीजबाब मारून घेतला की तपासाचंच वाटोळं होतं, खरा माणूस मोकळा राहतो.

कसाबचं बघ. पकडला गेला तो कॅमेऱ्यात दिसलेला माणूस, तरी त्याला खटल्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वकील दिला. त्याच खटल्यात दोघे भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले. म्हणून त्या निकालाकडे बोट दाखवता येत नाही.

आता कामाचं. तुझी खरी लढाई रिमांडला, म्हणजे पोलीस कोठडी मागतात तेव्हा आहे, अंतिम युक्तिवादाला नाही. ‘तुला नक्की कधी उचललं?’ हे त्याला पहिलं विचार. कागदावरची अटकेची वेळ जुळत नसेल तर तिथेच अर्ज दे. माझ्या पहिल्या अशा केसमध्ये आरोपी मूठ घट्ट आवळून उभा होता. मी कागद चाळत राहिलो, ‘हात दाखव’ म्हणालो नाही. पुढच्या तारखेला सूज उतरलेली होती आणि रेकॉर्डवर एक ओळ नव्हती. ती मूठ अजून डोळ्यांसमोरून जात नाही. तू हात बघ, पाय बघ, वैद्यकीय तपासणी माग, न्यायाधीशांना ते लिहून घ्यायला लाव.

आरोपपत्र दाखल करायचे नव्वद दिवस कधी भरतात आणि मुदतवाढ मिळाली तर एकशे ऐंशी कधी, हे आजच डायरीत मांड. आणि बाहेर त्याची आई बसलेली असेल. तिला पुढची तारीख कागदावर लिहून दे, मोठ्या अक्षरात.

तुझा,
सर