सासूबाईंच्या हर्नियासाठी लेडी सर्जन शोधताना

ताई, तुमचं वाचलं. सासूबाई 58 वर्षांच्या, जांघेत गोळा येतो, खोकलं की वर येतो निजलं की जातो, सोनोग्राफीत हर्निया (पोटाच्या भिंतीतल्या कमजोर जागेतून आतडं बाहेर येतं तो) निघाला आणि त्यांचा हट्ट एकच, बाई डॉक्टर असेल तरच ऑपरेशन. घरचे हसतात म्हणता. हसू द्या बाप्पा. त्यांच्या जांघेतला गोळा कोणाला दाखवायचा हे त्याच ठरवणार ना.

आमच्या आतेसासूचं सांगते. चार महिने एका डॉक्टरकडं जात होती, डॉक्टर माणूस चांगला, पण ही स्टुलावर बसून नुसतं "पोट दुखते" म्हणे, तो लुगड्यावरूनच पोट दाबून पाहे आणि गॅसच्या गोळ्या लिहून दे. शेवटी मी तिला एका लेडी सर्जनकडं नेलं. त्या बाईनं पडदा ओढला, मला आत थांबवलं, आत्याबाईला उभं केलं, निऱ्या थोड्या खाली सरकवायला लावल्या आणि म्हणाली, "खोका." खोकल्याबरोबर सुपारीएवढा गोळा वर. दोन मिनिटांचं काम. बाहेर आल्यावर आत्याबाई म्हणते, "आबाई, हे तं म्या कोणाले दाखोलंच नोतं." तेव्हा सासूबाईंचा हट्ट म्हणजे नखरे समजू नका, बाई समोर असली तर पेशंट खरं काय ते बोलते आणि दाखवते, आणि हर्निया तर उभं राहून दाखवल्याशिवाय नीट कळतच नाही, आडवं झालं की तो आत जाऊन बसतो.

पण मी स्वतः जिथं फसले ते पण ऐका. माझं सिझर झालेलं, त्याच टाक्यावर बेंबीखाली हर्निया झाला. मलाही लेडी डॉक्टरच पाहिजे होती, म्हणून तालुक्याला ज्या बाईंकडं सगळ्या जातात त्यांच्याकडं गेले. त्या होत्या बाळंतपणाच्या डॉक्टर. पिशवी काढायचीच होती, त्यातच "हर्निया पण शिवून देते" म्हणाल्या, मी खूश, एकाच खर्चात दोन कामं. दोन वर्षंपण झाली नाहीत, सोयाबीनच्या सोंगणीत वाकले आणि तिथंच परत फुगा. नुसतं शिवलं होतं, कमजोर जागेला आधार द्यायला आत जाळी बसवतात ती टाकली नव्हती. नंतर वाचण्यात आलं की नेदरलँडमध्ये जुन्या टाक्यावरच्या हर्नियाचे 200 पेशंट घेऊन अभ्यास झाला होता, 2000 साली छापून आला, त्यात ज्यांचा हर्निया पहिल्यांदाच दुरुस्त केला त्यांच्यात नुसतं शिवलेल्यांपैकी 43 टक्के लोकांचा तीन वर्षांत परत आला आणि जाळीवाल्यांपैकी 24 टक्के लोकांचा. म्हणजे जाळी टाकली तरी गॅरंटी नाही, पण फरक बघा केवढा. त्या बाईंना मी दोष देत नाही, त्यांनी माझी दोन बाळंतपणं चांगली केली, चूक माझी की मी "लेडी" एवढंच पाहिलं आणि "सर्जन" पाहायचं राहिलं.

म्हणून आधी बोर्ड वाचा. एमएस जनरल सर्जरी किंवा डीएनबी जनरल सर्जरी पाहिजे. डीजीओ किंवा एमएस ओबीजीवाय असेल तर त्या स्त्रीरोगतज्ज्ञ. नुसतं एमएस लिहिलेलं असेल तर कशात ते विचारा, लाजायचं नाही, रिसेप्शनवरची पोरगी पण सांगते.

आता अशी बाई सापडणार कुठं. खरं सांगते, तालुक्याच्या गावात जनरल सर्जन बाई शोधणं म्हणजे उन्हाळ्यात विहिरीला पाणी शोधणं. मोठ्या कॉलेजांच्या हॉस्पिटलात चान्स जास्त, म्हणजे सेवाग्रामचं कस्तुरबा, सावंगी मेघे, नागपूरचं मेडिकल आणि मेयो, यवतमाळ, अकोला इथली सरकारी मेडिकल कॉलेजं. तुम्हाला जे जवळ पडेल ते. तिथं सर्जरी विभागात युनिटं, म्हणजे डॉक्टरांच्या वेगवेगळ्या तुकड्या, असतात आणि प्रत्येक युनिटचे ओपीडीचे वार ठरलेले असतात. आम्ही पहिल्यांदा असंच उठून गेलो, दोन एसट्या बदलून, तर त्या दिवशी ज्यांचं युनिट होतं त्यात एकही मॅडम नाही, परत घरी. तर आधी कोणाला तरी पाठवून नाहीतर फोन करून विचारा की कोणत्या युनिटमध्ये मॅडम आहेत आणि त्यांचा वार कोणता. एक लक्षात ठेवा, कॉलेजात शिकणारे डॉक्टर पण तपासायला येतात, त्यात पोरं असणारच. ऑपरेशन मॅडम स्वतः करणार की त्यांच्या हाताखालचे, हे तोंडावर विचारून घ्या.

आणि ऑपरेशनच्या खोलीत भूल देणारा पुरुष असू शकतो, ट्रॉली ढकलणारा मामा तर असतोच. हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी ट्रॉलीवरून उतरून बसल्या तर पंचाईत. आमच्याकडं केस काढायचं काम सिस्टरनंच केलं, आम्ही मागितलं म्हणून. पुरुष डॉक्टरनं तपासायची वेळ आलीच तर सोबत बाई पाहिजे म्हणून सांगा, मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेत ते लिहिलेलं आहे, कोणी उपकार करत नाही आपल्यावर.

तुमच्या दिरानं विचारलं ना की बाईचा हात सर्जरीत चालते का. कॅनडात ऑन्टारिओमध्ये दहा लाखांवर पेशंटचा हिशोब काढला होता, 2023 मध्ये आला, त्यात लेडी सर्जनच्या पेशंटपैकी 90 दिवसांत काहीतरी त्रास झालेले 12.5 टक्के आणि पुरुष सर्जनच्या 13.9 टक्के. तो नुसता हर्नियाचा नव्हता, 25 प्रकारची ऑपरेशनं होती, आणि देश पण त्यांचा. त्यावरून बाई म्हणजे भारीच असं मी म्हणणार नाही, पण दिराला गप्प बसवायला पुरतं. माझ्यासाठी महत्त्वाचा प्रश्न वेगळा, मॅडम वर्षाला हर्नियाची किती ऑपरेशनं करतात. ज्या मोकळेपणानं आकडा सांगतात त्यांच्यावर माझा भरवसा बसतो. सोबतच विचारा की जाळी टाकणार का, आणि दुर्बिणीतून की उघडून. बाईच्या जांघेतल्या हर्नियाला दुर्बिणीतून बरं असं 2018 च्या आंतरराष्ट्रीय गाईडलाईनमध्ये आहे, कारण बायकांत मांडीच्या वरच्या अंगाला एक दुसरा हर्निया लपलेला असतो, फिमोरल म्हणतात, तो वरून चीर देताना सुटून जाऊ शकतो. फक्त दुर्बिणीला पूर्ण भूल लागते, म्हणून बीपी, दमा काही असेल तर आधी सांगा. सरकारच्या महात्मा फुले योजनेत बसते का हे ॲडमिट व्हायच्या आधी आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात त्या योजनेचा माणूस बसतो त्याला, विचारा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन.

माझा परत आलेला हर्निया मी पुढं लेडी सर्जनकडूनच करून घेतला, आणि बाई सर्जनचा मला झालेला खरा फायदा हॉस्पिटलातून सुट्टी मिळाली त्या दिवशी कळला. मॅडमनं विचारलं, परकराचा नाडा कुठं बांधता? मी दाखवलं तर बरोब्बर टाक्यावर. म्हणाल्या, सहा आठवडे मॅक्सी घाला, नाडा नाही, कंबरेवर पाण्याचा गुंड नाही, आणि खाली बसून कपडे पिळायचे नाही. दुसऱ्या कोणी नुसतं "जड उचलू नका" म्हटलं असतं आणि मी घरी येऊन भरलेला गुंड उचललाच असता, कारण आमच्याकडं गुंडाला कोण जड म्हणते! सासूबाई खर्रा खात असतील तर तोही बंद करावा लागेल, सिगारेट-तंबाखूनं जखम भरायला वेळ लागतो, आणि खोकला, मलावरोध आधी दुरुस्त करून घ्या, जोर पडला की टाके ताणतात.

आता शेवटचं, आणि हे आजच सासूबाईंजवळ बसून बोला. गोळा आत जाईना, कडक झाला, दुखून लाल पडला, उलट्या सुरू झाल्या, गॅस पास होईना, तर आतडं अडकलं समजायचं. तेव्हा 108 ला फोन आणि जवळच्या हॉस्पिटलात जो सर्जन ड्युटीवर असेल तो, बाई असो की बुवा. त्यात तासांचा हिशोब असतो. बायकांच्या जांघेतला हर्निया अडकायचा धोका जास्त, म्हणून पुरुषांसारखं "त्रास नाही तर बघू पुढं" चालत नाही. कापसाची वेचणी झाल्यावर करू असं म्हणत असतील तर ऐकू नका, दोन मजूर लावा आणि याच महिन्यात दाखवून या. जाताना सोनोग्राफीची फिल्म आणि जुन्या ऑपरेशनचे कागद असतील तर ते सोबत घ्या, आणि पहिल्या एसटीनंच निघा, केसपेपरची लाईन नऊच्या आधीच लागलेली असते.